साइटवरच्या कामगारांचे कान वाचवायचे तर: आवाज मोजण्यापासून मशीन थांबवण्यापर्यंत

घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या आसपास कुठल्याही चालू टॉवरच्या स्लॅबवर सकाळी जाऊन उभं राहा. मायवान शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या ॲल्युमिनियम साच्याच्या) पॅनलमध्ये फिटर पिना ठोकत असतात. हातोडीचा प्रत्येक घाव पाचरीवर बसतो आणि अख्खं पॅनल झणझणतं. त्याच वेळी खाली बेसमेंटमध्ये पोकलेनला लावलेला ब्रेकर काळा पाषाण फोडत असतो. खारघर, बेलापूर, घणसोलीकडेही बऱ्याच ठिकाणी थोडं खोदलं की पाषाण लागतो, म्हणजे तिथेही फोडकाम आलंच.

उंचीवरून पडण्याची भीती डोळ्यांना दिसते, म्हणून सेफ्टी बेल्टवर आता कुणी हुज्जत घालत नाही. कान मात्र रक्त न सांडता जातात. संध्याकाळी कानात दडे बसतात, बारीक घूं-घूं ऐकू येते, रात्रभर झोपलं की सकाळी बरं वाटतं. हे रोजचं झालं की एक दिवस सकाळीही बरं वाटत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यावर औषध नाही. नुकसान आधी ३,००० ते ६,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात होतं, त्यातही ४,००० च्या आसपास. त्यामुळे माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. स, श, फ, थ ही व्यंजनं आधी निसटतात. बायको-मुलांशी फोनवर बोलताना तो "काय?" असं पुन्हापुन्हा विचारू लागतो आणि घरच्यांना वाटतं, लक्षच देत नाही.

हल्ली आवाज मोजणारे सेन्सर, खांद्यावर लावायचे डोसिमीटर, मोबाइलवर दिसणारे डॅशबोर्ड सहज मिळतात. मोठ्या साइटवर ते बसवलेही जातात. अडचण पुढची आहे: आकडा ऑफिसातल्या स्क्रीनवर येतो आणि तिथेच राहतो. म्हणून हा लेख उपकरणांची ओळख करून देऊन थांबत नाही. कुठला आकडा आला की कोणी, काय, किती वेळात करायचं, हे ठरवल्याशिवाय एकही सेन्सर विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली दिलेल्या पायऱ्या साइट इंजिनीयर, सेफ्टी ऑफिसर आणि छोटे ठेकेदार यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी पायी फिरा

साइटचा नकाशा छापून घ्या आणि मुकादमाला बरोबर घेऊन फिरा. समोरचा माणूस हातभर अंतरावर असताना तुम्हाला ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरून चाला. ती जागा लाल पेनाने गोल करा. ब्रेकर, कोअर कटर, ग्राइंडर, सळ्या कापायचं मशीन, जनरेटर, काँक्रीट पंप, मायवानची ठोकाठोक या सगळ्या जागा नकाशावर येतील.

प्रत्येक गोलाशेजारी दोन गोष्टी लिहा: तिथे कोण काम करतं, आणि रोज साधारण किती वेळ. ब्रेकरवाला तर त्यात असेलच, पण त्याच्या पायाशी डबर गोळा करणारे बिगारी बहुतेक वेळा यादीतून सुटतात. त्यांच्या हातात मशीन नसतं, म्हणून त्यांना इअरप्लगही कुणी देत नाही. बंद बेसमेंटमध्ये आवाज भिंतींवरून परत येतो, त्यामुळे चार पावलं मागे उभा असलेला माणूसही जवळपास तेवढाच आवाज खातो. जिन्याच्या डक्टमध्ये ग्राइंडर चालत असेल तरी हेच.

पायरी २: उपकरण निवडताना

तीन प्रकारची साधनं आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

मोबाइलचं ॲप पहिल्या फेरीसाठी ठीक. कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं साउंड लेव्हल मीटर ॲप आयफोनवर फुकट मिळतं आणि अधिक-उणे २ डेसिबलपर्यंत बरोबर सांगतं असं त्यांनी तपासलेलं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये मात्र प्रत्येक मॉडेलचा माइक वेगळा. तिथे आलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

जागेवर बसवायचा सेन्सर त्या भागातला आवाज सांगतो. दर मिनिटाची सरासरी तो सिमकार्डवरून किंवा लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवरून पाठवतो आणि मर्यादा ओलांडली की दिवा लावतो. घेताना क्लास २ किंवा क्लास १ (अचूकतेचा दर्जा, १ जास्त अचूक) आहे का, हे विचारा. दोन-तीन मजली बेसमेंटमध्ये नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे आकडे स्वतःत साठवून नंतर पाठवणारा सेन्सरच घ्या.

तिसरं साधन डोसिमीटर. तो माणसाच्या खांद्यावर बसतो, माणूस जाईल तिथे जातो आणि दिवसअखेर सांगतो की याच्या कानांनी आज एकूण किती आवाज झेलला. कामगाराच्या दृष्टीने खरा आकडा हाच. पैसे कमी असतील तर पाच सेन्सरांऐवजी एक सेन्सर आणि दोन डोसिमीटर घ्या, आणि डोसिमीटर रोज वेगळ्या कामाच्या माणसाला लावा. दोन-तीन आठवड्यांत साइटवरच्या सगळ्या कामांचा अंदाज हाती येतो.

कॅलिब्रेटर त्यासोबत घ्यायलाच हवा. हे छोटं नळकांडं १,००० हर्ट्‌झवर ९४ डेसिबलचा पक्का आवाज काढतं. मीटर त्यात घालायचा, ९४ दाखवतो का बघायचं, वहीत लिहायचं. सिमेंटच्या धुळीत आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात माइक लवकर चुकायला लागतात, म्हणून मोजणीआधी आणि मोजणीनंतर तपासणी हवी.

पायरी ३: सेटिंग, आणि इथेच खरी गोम आहे

डोसिमीटरमध्ये कुठली मर्यादा घालता, यावर सगळं अवलंबून आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एक कोष्टक आहे: ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, १०५ ला १ तास, ११० ला अर्धा तास आणि ११५ ला पाव तास. म्हणजे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा. नायॉशची शिफारस याहून कडक आहे: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे या हिशेबामागचं कारण.

दिवसभरात जेवढा आवाज चालतो त्यातला किती टक्के कानांनी झेलला, त्याला डोस म्हणतात. एका फोडकाम करणाऱ्या माणसाचा दिवस घेऊ. हँड ब्रेकरवर एकूण १ तास, तिथे १०० डेसिबल. मग पोकलेनजवळ २ तास, तिथे ९१. बाकी वेळ तुलनेने शांत. नियमांच्या कोष्टकाने १०० ला २ तास मिळतात, म्हणून पहिल्या तासाचे ५० टक्के. ९१ ला सुमारे ७ तास मिळतात, म्हणून पुढच्या दोन तासांचे २९ टक्के. बेरीज ७९ टक्के, म्हणजे कागदावर सगळं ठीक. आता ८५ आणि ३ चा हिशेब लावा. १०० ला १५ मिनिटंच मिळतात, म्हणून एका तासाचे ४०० टक्के. ९१ ला २ तास, म्हणून १०० टक्के. बेरीज ५०० टक्के.

माणूस तोच, दिवस तोच. कान वाचवायचे असतील तर मीटर ८५ आणि ३ वर लावा. कायद्याचा आकडा रजिस्टरसाठी वेगळा काढता येतो, कारण चांगले डोसिमीटर दोन्ही हिशेब एकाच वेळी ठेवतात. पुरवठादार पाठवतो तेव्हा मीटर अनेकदा ९० आणि ५ वर लावलेला असतो, हे डबा उघडल्या उघडल्या तपासा. १२ तासांची पाळी असेल तर ८५ चीही मर्यादा सुमारे ८३ वर आणावी लागते.

बाकी सेटिंग पटकन सांगतो: फ्रीक्वेन्सी वेटिंग ए (माणसाच्या कानाला ऐकू येतो तसा आवाज मोजणारं), रिस्पॉन्स स्लो, आणि ठोक्यांसाठी सी-पीक (क्षणातला सर्वांत मोठा आवाज) वेगळा चालू ठेवा. मायवानच्या हातोडीसाठी हा सी-पीक महत्त्वाचा आहे. घाव क्षणभराचा असतो, सरासरीत तो बुडून जातो. शिवाय स्वस्त सेन्सरमधले माइक १२० डेसिबलच्या आसपास अडकतात आणि त्यावरचा आवाज त्यांना मोजताच येत नाही. त्यामुळे मायवानच्या स्लॅबवर स्वस्त सेन्सरने कमी आकडा दाखवला तर निर्धास्त होऊ नका. तिथे १४० पर्यंतचा पीक मोजणारा डोसिमीटरच लागतो.

पायरी ४: बसवणं

डोसिमीटरचा माइक खांद्यावर, कानाच्या भोकापासून किमान १० सेंटिमीटर दूर आणि खांद्याच्या साधारण ४ सेंटिमीटर वर हवा. ज्या बाजूला आवाज जास्त, त्या खांद्यावर. हार्नेसचा पट्टा त्यावर घासत नाही ना, हे बघा, कारण घासण्याचाही आवाज मोजला जातो. स्पंजची टोपी न काढता वापरा. लावताना त्या भावाला नीट सांगा की यात बोलणं रेकॉर्ड होत नाही, फक्त आवाजाची पातळी साठते. आणि ते खरं आहे याची पुरवठादाराकडून लेखी खात्री आधीच करून घ्या. "साहेब, हे आमच्यावर नजर ठेवायला आहे का?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे.

भिंतीवरचा सेन्सर माणसाच्या कानाच्या उंचीवर, पत्र्याच्या बॅरिकेडपासून लांब लावा. साइटभोवतीच्या हिरव्या जाळीने धूळ अडते, आवाज अडत नाही. पत्रा तर आवाज परत आत फेकतो. शेजारच्या सोसायटीला थोडा दिलासा मिळतो, आतल्या कामगाराला नाही. तसंच, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतले रहिवासी भागाचे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे आकडे शेजाऱ्यांसाठी आहेत. कुंपणावरचा सेन्सर त्यांच्यासाठी. त्याचा आकडा कामगारांच्या फायलीत लावू नका, दोन्हींचा संबंध नाही.

पायरी ५: दिवा लागला, आता कोण हलणार?

ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. प्रत्येक पाळीला एकच माणूस नेमा, ज्याला मशीन थांबवण्याचा अधिकार आहे. प्रोजेक्ट मॅनेजरच्या सहीचं पत्र त्याच्या खिशात असावं, कारण ठेकेदाराचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: "कुणी सांगितलं बंद करायला?"

मग चार नियम ठरवा आणि मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत फलकावर लिहा. मी असे सुचवीन. पाच मिनिटांची सरासरी ८५ च्या वर गेली की पिवळा दिवा: त्या गोलात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कानात प्लग हवा, इंजिनीयरच्याही. ९५ च्या वर लाल दिवा: मशीनवरची माणसं सोडून बाकीचे बाहेर, आणि नेमलेला माणूस दहा मिनिटांत तिथे पोचतो. एखाद्याचा दिवसाचा डोस ५० टक्क्यांवर गेला की सुपरवायझरला मेसेज, म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरचं काम बदलता येतं. १०० टक्के झाले की त्या दिवशी त्याला आवाजाचं काम नाही, हजेरी मात्र पूर्ण. शेवटचे तीन शब्द पाळले नाहीत, तर दुसऱ्याच दिवशी लोक डोसिमीटर काढून डब्यात ठेवतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

स्लॅब भरायच्या दिवशी हे सगळं कसाला लागतं. गेटवर आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांची रांग, पंप चालू, काँक्रीट थांबवता येत नाही. त्या दिवशी मशीन बंद करा म्हणणं व्यवहार्य नाही, म्हणून नियोजन आदल्या संध्याकाळीच करा. व्हायब्रेटरवर दोन जोड्या ठेवा आणि त्या तासातासाने बदला. त्याच मजल्याखाली ग्राइंडरचं किंवा चिपिंगचं काम त्या दिवशी लावू नका. ९५ ची दोन मशीनं शेजारी चालली की ९८ होतात, म्हणजे दोघांच्या सुरक्षित वेळा निम्म्या होतात. एवढं एक वेळापत्रक बदललं तरी फरक पडतो, आणि त्याला खर्च शून्य.

पायरी ६: आवाज मुळातच कमी करा

पाळी बदलून वेळ निम्मा केला तरी फायदा ३ डेसिबलचाच. मशीनकडे लक्ष दिलं तर त्याहून बरंच मिळतं. ब्रेकरची छिन्नी बोथट झाली की काम लांबतं आणि कानाला जास्त वेळ मार बसतो, म्हणून धारेची छिन्नी हाताशी ठेवा. शक्य तिथे पाषाणात भोकं पाडून फुगणारी पावडर भरा. रात्रभरात दगडाला तडा जातो आणि ब्रेकरचे तास घटतात. सळ्या ग्राइंडरने कापण्याऐवजी कातरणाऱ्या मशीनवर कापा, किंवा मापात कापून आलेल्याच मागवा. मायवान उतरवताना पॅनल वरून टाकण्याची सवय मोडा. ते हातोहात द्या आणि जिथे टेकतात तिथे जुन्या रबरी मॅट अंथरा. जनरेटर अकूस्टिक कॅनॉपीचाच घ्या. १,००० केव्हीएपर्यंतच्या सेटला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, पण कॅनॉपीची दारं उघडी ठेवून चालवला तर त्या मर्यादेला अर्थ उरत नाही. गरम होतो म्हणून दारं उघडली जातात, तेव्हा हवेशीर जागा आधीच बघा.

मोकळ्या जागेत मशीनपासूनचं अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. सळ्यांचं यार्ड आणि चहाची जागा एकमेकांना चिकटून असेल, तर आजच हलवा.

पायरी ७: कानातला प्लग

पाकिटावर २९ लिहिलं असेल म्हणजे २९ डेसिबल कमी होतात, हा समज घातक आहे. तो प्रयोगशाळेतला आकडा. फोमच्या प्लगसाठी नायॉश तो निम्मा धरायला सांगते, आणि ए-वेटिंगने मोजलं असेल तर त्यातून आणखी ७ वजा करायला. २९ चे १४.५, त्यातून ७ गेले, उरले ७.५. वरच्या ५०० टक्केवाल्या माणसाची आठ तासांची सरासरी ९२ येते. प्लग घालून ती ८४.५ झाली, म्हणजे कशीबशी मर्यादेत. म्हणून सहावी पायरी टाळून नुसते प्लग वाटणं पुरत नाही. हँड ब्रेकरवाल्याला प्लग आणि त्यावर हेल्मेटला अडकणारा इअरमफ, दोन्ही द्या.

आठ तासांत अर्धा तास जरी प्लग बाहेर राहिला, तरी तो कितीही भारी असो, दिवसाचं एकूण संरक्षण १२ डेसिबलच्या वर जात नाही.

घालायची पद्धत टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत) प्रत्येकाकडून करून घ्या. आधी हात साबणाने धुवायचे, कारण सिमेंट लागलेल्या बोटांनी वळलेला फोम कानाच्या आत चुरचुरतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस प्लगला हातच लावत नाही. प्लग बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचा. समोरून बघताना प्लग बाहेर डोकावत असेल तर तो बसलेला नाही. हात धुवायला पाण्याचा पिंप प्लगच्या डब्याशेजारीच ठेवा. पावसाळ्यात कान ओले राहिले की बुरशी धरते, खाज सुटते. त्या महिन्यांत ज्याचा कान दुखतो त्याला प्लगऐवजी मफ द्या आणि डॉक्टरला दाखवा.

"प्लग घातला की पोकलेनचा हॉर्न ऐकू येत नाही" अशी तक्रार असते. ती खरी असू शकते. कानात पोचणारा आवाज ७५ ते ८० डेसिबल राहील असा प्लग निवडावा. त्याहून जास्त बंद केलं की माणूस आजूबाजूपासून तुटतो. पोकलेन, क्रेनजवळ काम करणाऱ्यांना आवाजानुसार आपोआप कमीजास्त होणारे इलेक्ट्रॉनिक मफ द्यावेत आणि हॉर्नच्या जोडीला फिरता दिवा व सिग्नलमन ठेवावा.

पायरी ८: कानांची तपासणी आणि तिचा कागद

माणूस कामावर रुजू होताना ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी, तिचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम) करा, तीही आदल्या दिवशीपासून किमान १४ तास आवाजापासून दूर ठेवून, नाहीतर बसलेल्या दड्यामुळे निकाल चुकीचा येतो. मग वर्षातून एकदा. आवाज न घुसणारी खोली आणि प्रशिक्षित ऑडिओलॉजिस्ट हवा. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम इथे कान-नाक-घसा विभाग आहेत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था तर याच विषयातली राष्ट्रीय संस्था. गट करून वेळ ठरवली की कामगाराचा दिवसही बुडत नाही. अर्थात त्या दिवसाची हजेरी लावायचीच.

कानांना विश्रांती मिळते का, हेही बघा. लेबर कॅम्प जनरेटरच्या शेजारी असेल तर रात्रीही आवाज थांबत नाही, आणि त्या घरघरीवर मात करायला मुलं इअरफोनचा आवाज वाढवून झोपतात. एका रात्री सेन्सर कॅम्पमध्ये लावून बघा.

शेवटचं काम कागदाचं. आवाजामुळे आलेलं बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेलं आहे: आधी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत. पण रुजू होतानाचा ऑडिओग्राम आणि डोसच्या नोंदी नसतील तर कामगाराला ते सिद्ध करणं फार जड जातं. आपल्याकडचे बरेचसे कामगार वर्षा-दोन वर्षांत साइट बदलतात, गावी जातात, दुसऱ्या ठेकेदाराकडे लागतात. त्याचे आकडे तुमच्या डॅशबोर्डवर राहतात आणि तो रिकाम्या हाताने जातो. म्हणून हिशेब चुकता करतानाच एक साधं कार्ड द्या: नाव, काम, रुजू होतानाचा आणि शेवटचा ऑडिओग्राम, मोजलेल्या दिवसांचे डोस, साइट इंजिनीयरची सही. त्याचा फोटो त्याच्या आणि घरच्या एका माणसाच्या मोबाइलवर तिथल्या तिथे पाठवा.